डॅमेजच्या ढिगातला दगड

"तुझं मॉडेल म्हणतंय विहीर मेली. विहीर तर गॅस देतेय. कोणाचं खरं धरू?" बॉस फोनवर वैतागले होते.

मी भिवंडीजवळ, वडप्याच्या गोदामात उभी होते. माझं काम सिम्युलेशनचं. जमिनीखालच्या खडकातून तेल, गॅस किती येईल ते कॉम्प्युटरवर आधीच चालवून बघायचं. हा खडक 'टाइट' होता, म्हणजे छिद्रं इतकी बारीक की गॅस असूनही हलत नाही. माझ्या हिशेबाने विहीर तिसऱ्या महिन्यात थंडावायला हवी होती. आठवा चालू होता.

"आकडे थोडे वाढव. जुळेल."

"जुळेल सर, पण खोटं जुळेल. त्या भरवशावर दुसरी विहीर खोदायची?"

"मग सोमवारपर्यंत कारण दे. नाहीतर दुसरी रद्द."

विहिरीतून काढलेले खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, याच गोदामात होते. लॅबला तुकडे इथूनच गेले होते, आणि लॅबच्या आकड्यांवरच माझं मॉडेल उभं होतं. मी खोकी उघडली. सगळे तुकडे अखंड, फरशीसारखे घट्ट. पण त्यांच्यावरचे खोलीचे आकडे सलग नव्हते. मधलेमधले तुकडे गायब.

"मुकादम, मधला माल कुठंय?"

हिराजी मुकादम वडप्याचेच. उभा जन्म गोदामात गेलेला. त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "त्यो डॅमेज हाय, म्याडम. फुटका माल आमी थप्पीला न्हाय लावत. पार्टी रिटर्न मारते."

"आणि लॅबला?"

"चांगला बघून दिला ना! तुमचं नाव खराब नको."

गोदामातल्या साबण-बिस्किटांच्या खोक्यांना हे शहाणपण लागू आहे, खडकाला नाही. मला राग आला, पण करते काय? ते सुबक तुकडे बघून 'छान सॅम्पल' असा मेल गोदामाला मीच केला होता.

ढिगातला एक तुकडा उचलला. फुटलेल्या बाजूवर पांढरे स्फटिक चमकत होते. हमालाच्या हातून फुटलेल्या दगडावर स्फटिक धरत नाहीत. ही भेग जमिनीच्या पोटातच पडली होती, तिच्यातून पाणी झिरपलं होतं, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी. "गॅस या केसाएवढ्या वाटांनी येतोय," मी मुकादमांना भेग दाखवली. मी ढिगाशीच बसून बाकीचे तुकडेही पाहू लागले. इतकी वर्षं खडकाचे आकडे मांडले, त्याच्यापुढे इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

"येवढ्या खाली रस्ते हायेत?" मुकादमांनी वाकून विचारलं.

"आहेत. आणि चालू आहेत."

त्यांनी तुकडा दोन्ही हातांनी जपून ठेवला.

मॉडेलमध्ये भेगा घातल्या आणि आलेख विहिरीशी जुळला. दुसरी विहीर मंजूर झाली. आता कुणी स्वच्छ, सुंदर नमुना पाठवला की मी आभार मानत नाही. यातून काय बाजूला काढलंत, ते आधी विचारते.