सासऱ्यांचा उजवा पाय

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. हात कसबी, पण जीभ म्हणजे कात्री. कोणी गाडीची तक्रार घेऊन आलं की आधी चालवणाऱ्याचीच हजेरी: "नाचता येईना, अंगण वाकडं!" लोक हसायचे आणि गाडी त्याच्याकडेच टाकायचे.

महिन्यापूर्वी हेच त्यानं स्वतःच्या सासऱ्यांना ऐकवलं. त्यांची जुनी मोटरसायकल उतारावर थांबली नाही, ते भिंतीवर आदळले, खांदा निखळला. "मागचा ब्रेक लागलाच नाही," असं ते सांगून सांगून थकले. उस्तादानं दुसऱ्या दिवशी थंड गाडीचं पेडल एकदा दाबून पाहिलं आणि जेवताना सगळ्या घरासमोर निकाल देऊन टाकला. "बाबा, ब्रेकला काही झालेलं नाही. तुमचाच पाय आता वेळेवर पडत नाही. किल्ली द्या." म्हाताऱ्यानं खिशातून काढून दिली. तेव्हापासून कुठे जायचं तर मुलीच्या सवडीनं.

आज गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. उस्तादानं ठरवलं, त्याआधी ब्रेकमधली हवा तरी काढून ठेवू. पेडल दाबायला माणूस हवा, म्हणून सासरेच उभे राहिले.

"दाबा. धरून ठेवा." उस्तादानं ब्रेकची हवा सोडायचा निपल सैल केला, नळीतून बाटलीत बुडबुडे आले. निपल आवळला. "आता सोडा."

असं करता करता बुडबुडे थांबले, पेडल घट्ट झालं. उस्ताद लांब चक्कर मारून आला, तर पेडल पुन्हा खाली जायला लागलं. वाकून पाहतो तो चाकाची डिस्क इतकी तापलेली की बोट टेकवेना. ब्रेक सुटतच नव्हता! घासून घासून तापायचा, आत ऑइल उकळायचं, आणि ऐन वेळी पेडल पोकळ. त्यानं पेडलखालचा नट पाहिला. पेडलला जराही प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, उरला नव्हता; ब्रेक कायम थोडा दाबलेलाच राहायचा. शेवटच्या सर्व्हिसिंगला बाबा म्हणाले होते, पेडल फार खाली जातं, आणि यानं घाईघाईत नट पार आवळून टाकला होता. हे दुसऱ्या कोणी केलं असतं, तर यानं त्याला सोलून काढलं असतं.

नट थोडा सैल केला की काम झालं, कोणाला कळणार होतं? पाना नटाला लावला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"बाबा, पाय बरा होता तुमचा. हा नट मी जास्त आवळला होता. घरात सगळ्यांना सांगतो मी."

सासरे जवळच्या स्टुलावर बसले. "महिनाभर मी भिंतीला धरून पाय उचलून बघतोय," ते म्हणाले. "कधी वाटतं, पडतो वेळेवर. कधी वाटतं, नाही पडत."

उस्तादानं किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात काही पुढे केला नाही.

"गिऱ्हाइकाला येऊ द्या, जावईबापू. आता मलाच या पायाचा भरवसा वाटत नाही."