शनिवार मोकळा आहे

बातमीचा नियम असा की पहिल्या वाक्यातच सगळं सांगून टाकायचं. कोण, काय, कुठे, कधी. हा नियम मी नोकरीभर पाळला आणि नव्याने येणाऱ्यांना शिकवला. ही एक गोष्ट मात्र मला तशी लिहिता येत नाही. ती मी आजवर कुठल्याच वाक्यात ठेवलेली नाही — बायकोशी बोलताना नाही, मित्रांत बसून नाही, आणि ज्याच्या बाबतीत ती घडली त्याच्यासमोर तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघू.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. माझ्याकडे ‘आगामी कार्यक्रम’ हे सदर होतं. आतल्या पानावर, खाली डावीकडे, बोटभर रुंदीचं. शहरातली नाटकं, गाण्याच्या मैफली, नृत्यशाळांची संमेलनं, एकांकिका — कुठे आहे, किती वाजता आहे, एवढंच. माझं नाव छापून येत नसे. पण त्या सदरामुळे माझ्या टेबलावर एक निळ्या पुठ्ठ्याची वही आली आणि त्या वहीमुळे मला एक वजन आलं, जे बाहेरच्यांना सहसा माहीत नव्हतं.

त्याचं असं होतं. शहरात कार्यक्रम करणाऱ्या संस्था बऱ्याच, प्रेक्षक मात्र तेच ते. एका संध्याकाळी दोन कार्यक्रम आले की दोन्हींकडे खुर्च्या रिकाम्या राहत. म्हणून नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी माणसं मला फोन करत. अमुक रविवारी काही आहे का? मी वही उघडायचो आणि सांगायचो — आहे, किंवा नाही. काही संस्था तर कार्यक्रम जाहीर करण्याच्या महिनाभर आधी मला तारीख कळवून ठेवत, आणि वर बजावत, ‘छापू नका हं इतक्यात, नुसती टिपून ठेवा.’ मी टिपून ठेवायचो. वही कुणाला दाखवायचो नाही. कुणी दाखवा म्हणायचंही नाही. माझा शब्द पुरायचा.

आता दत्ताबद्दल सांगायला हवं. इथेच मी अडखळतो.

दत्ता मूळचा नामपूरचा. ओझरच्या कारखान्यात फिटर होता. पहिली पाळी संपली की कंपनीच्या बसने नाशिकला उतरायचा आणि पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून चालणाऱ्या आमच्या नाटकाच्या तालमीला यायचा. आमच्या म्हणजे — ग्रुप मी काढलेला होता. नाटकं मी लिहायचो, मीच बसवायचो. तीन नाटकं केली होती. एका नाटकाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं होतं, ते मी चौकट करून लावलं होतं. माझ्या नाटकांत माणसं सोफ्यावर बसून एकमेकांना न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. दत्ता त्यात नोकराचं काम करायचा. चहा आणून ठेवायचा आणि जायचा. त्याच्या तोंडी ‘आहे’च्या जागी ‘शे’ यायचं, म्हणून त्याला मी मुद्दाम कमी वाक्यं द्यायचो. त्यावरून तालमीत हशा व्हायचा. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो.

एका दुपारी तो ऑफिसात आला. अंगावर कारखान्याचा गणवेश, हातात शाळेची दोनशे पानी वही. माझा शेजारी उपसंपादक नेहमीसारखा ओरडला, ‘आलं बघा नामपूरचं नाट्यसंमेलन!’ दत्ताही हसला. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाला, ‘भाऊ, मी बी एक लिहिलं. तुम्ही वाचा आधी. तुम्हाला आवडलं तरच पुढं.’

मी त्याच दिवशी वाचलं. दोन भावांची गोष्ट होती. अकरा वर्षं त्यांचं बोलणं बंद. नामपूरच्या कांदा मार्केटात लिलावाच्या रांगेत त्यांच्या ट्रॉल्या शेजारीशेजारी अडकतात. मागे जाता येत नाही, पुढे सरकता येत नाही. मग ते एकमेकांशी न बोलता, मध्ये उभ्या असलेल्या एका तिऱ्हाइताशी बोलून भांडतात. ‘त्याले सांगा’ — प्रत्येक वाक्याची सुरुवात अशी. सगळं तिकडच्या बोलीत. मी पहिली दहा पानं वाचताना चारदा हसलो, आणि मग हसणं थांबलं, कारण मला कळलं होतं. तुम्हाला कधी असं झालंय का — एखादी गोष्ट चांगली आहे हे आधी पोटात कळतं, आणि तिथेच दुखायला लागतं?

मला हे येत नव्हतं. मी रंगभूमीवरची पुस्तकं वाचली होती, शिबिरं केली होती, संवादांना पॉलिश करत बसायचो. हा माणूस दिवसभर पकड आणि पाना हातात धरून काम करत होता, आणि त्याने हे लिहून ठेवलं होतं. कुणाला विचारून? कुणाच्या परवानगीने?

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, ‘ठीक आहे. भाषेचं मात्र बघावं लागेल. नाशिकच्या लोकांना कळणार नाही.’ त्याने वही उचलली. मग म्हणाला, ‘भाषा काढली तर भाऊ, मंग उरंल काय त्यात?’ त्याने नाटक स्वतःच बसवायला घेतलं. माझ्या ग्रुपमधली चार मुलं तिकडे गेली. मी कुणाला अडवलं नाही. अडवलं असतं तर माझ्या मनात काय चाललंय ते लोकांना दिसलं असतं.

तालीम पाहून गेलेल्या कुणीतरी मुंबईतल्या एका निर्मात्याच्या कानावर हे घातलं. निर्मात्याने निरोप पाठवला — नाशिकला एक प्रयोग लावा, मी येतो. एकच संध्याकाळ येईन. पसंत पडलं तर नाटक मी घेतो, याच नटांसकट. आणि एक वाक्य त्याने पुढे जोडलं होतं, जे दत्ताने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं: ‘मी नाटक बघायला येत नाही, प्रेक्षक बघायला येतो.’

म्हणजे नाट्यगृह भरलेलं हवं होतं. सगळं त्यावर अवलंबून होतं.

दत्ताने ओझरहून फोन केला. मागे यंत्रांचा आवाज होता. ‘भाऊ, नाट्यगृह शनिवारी मिळतंय. पुढल्याच्या पुढला. मोकळा शे ना शनिवार? दुसरं काही नाही ना त्या दिशी?’

वही माझ्यासमोर उघडी होती. त्या शनिवारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक नोंद होती. एका सहकारी संस्थेचा वर्धापनदिन. गंगापूर रोडवरच्या मैदानावर मुंबईच्या नावाजलेल्या विनोदी कलावंतांचा कार्यक्रम, संध्याकाळी सात, प्रवेश सर्वांना खुला. संस्थेच्या चिटणीसांनी पोलीस परवानगी येईपर्यंत छापू नका म्हणून सांगितलं होतं. शहरात ते इतर कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं.

मी म्हणालो, ‘मोकळा आहे.’

घाईत नजर चुकली असं नाही. नोंदीवर माझं बोट होतं. मला आठवतं, मी ते बोट उचललंसुद्धा नाही.

‘झालं मग,’ दत्ता म्हणाला. ‘तुम्ही सांगितलं म्हणजे झालं.’

त्यानंतर माझ्याकडे आठ दिवस होते. एक फोन केला असता तर तारीख बदलता आली असती. मी रोज ऑफिसात जात होतो, वही रोज उघडत होतो. फोन टेबलावरच होता. आठ दिवसांत मी काय केलं? सदर लिहिलं. बिनचूक.

शनिवारच्या दोन दिवस आधी संस्थेला परवानगी मिळाली आणि मी दोन्ही कार्यक्रम एकाखाली एक छापले. तोच वार, तीच वेळ. शहरभर संस्थेचे फलक लागले. दत्ता अंक घेऊन ऑफिसात आला. घाम आलेला, टोपी हातात. ‘भाऊ, हे कसं काय?’

‘त्यांनी ऐनवेळी कळवलं,’ मी म्हणालो. ‘मला काय माहीत?’

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं असावं की मलाच वाईट वाटतंय. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘जाऊ द्या भाऊ. तुमना काय दोष? मी बघतो काहीतरी.’ निर्मात्याने कारण न ऐकताच तारीख बदलायला नकार दिला. दत्ता त्या संध्याकाळी एसटीने नामपूरला गेला.

शनिवारी मी नाट्यगृहात पोहोचलो तेव्हा बाहेर एक टेम्पो उभा होता. दत्ताने काय बघितलं होतं ते कळलं. गावाहून चाळीसेक माणसं आणली होती — काका, मावश्या, आत्याचं सगळं घर, शेजारी. हौद्यात दाटीने बसून आलेली. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. त्या मोठ्या नाट्यगृहात ती माणसं पुढच्या तीन रांगांत बसली. त्यांच्यामागे शहरातले नऊ-दहा जण, आणि त्यांच्यामागे रिकाम्या खुर्च्या.

नाटक सुरू झालं आणि ती माणसं पहिल्या वाक्याला हसली. नंतर हसायची थांबेचनात. एका क्षणी थोरला भाऊ तोंड फिरवून उभा राहिला, तेव्हा पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून रंगमंचाकडे हात करत ओरडली, ‘आरे बोल ना रे त्यानासंगे! बोल ना!’ नट क्षणभर थबकला. मग तिच्याकडेच वळून म्हणाला, ‘त्याले सांगा आजी, आधी त्यानी बोलानं!’ नाट्यगृह — होतं तेवढं — हशाने कोसळलं. मी शेवटच्या रांगेत एकटा होतो. मीही हसलो आणि लगेच तोंडावर हात धरला. माझ्या कुठल्याच नाटकात कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वेळीही मला अपराधी वाटत नव्हतं. मला त्या चाळीस माणसांचा हेवा वाटत होता. ती माझी का नव्हती?

मध्यंतरात निर्माता चहाच्या टेबलापाशी भेटला. पेपरवाला म्हणून माझी ओळख करून दिली गेली. त्याने घड्याळ बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ‘काय हो, हे सगळे घरचेच दिसतात?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘गावाहून टेम्पोने आणलेत.’

‘मग शहरातले कुठंयत?’

शहरातले मैदानावर होते, आणि दोन्ही कार्यक्रम एकाच संध्याकाळी कसे आले ते मला एकट्याला माहीत होतं. नुसतं ‘आज दुसरीकडे मोठा कार्यक्रम आहे’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, ‘नाशिकचा प्रेक्षक तसा चोखंदळ आहे.’

तो दुसऱ्या अंकाला थांबला नाही. त्या अंकात धाकटा भाऊ, तिऱ्हाईत निघून गेल्यावर, मध्ये कुणीच नसताना तरीही म्हणतो, ‘त्याले सांगा, माय आजारी शे.’ आणि थोरला पहिल्यांदा त्याच्याकडे बघतो. पुढच्या रांगांमधून नाक ओढल्याचे आवाज येत होते. निर्माता तेव्हा मुंबईच्या रस्त्याला लागलेला होता.

सोमवारच्या अंकात मी पाच ओळींची बातमी दिली. प्रयोग झाला, कलावंत अमुक, लेखक-दिग्दर्शक अमुक. ‘पन्नासेक प्रेक्षकांत प्रामुख्याने लेखकाच्या नातेवाइकांची उपस्थिती होती.’ या बातमीत एकही शब्द खोटा नव्हता. छापील खोटं मी आयुष्यात लिहिलं नाही, असं मी पुढे कितीतरी सत्कारसमारंभांत म्हणालो आहे. लोक टाळ्या वाजवतात.

दत्ताचा दुसरा प्रयोग झाला नाही. मुलं पांगली. त्याने नंतर लिहिलंही नाही. विचारलं तर म्हणायचा, ‘हौस होती, फिटली.’ माझ्यावर त्याचा राग कधीच नव्हता. मुलीच्या लग्नात त्याने मला व्याह्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, ‘हे पेपरातले भाऊ. माझं नाटक सगळ्यात आधी यांनी वाचलं.’ मी नमस्कार केला आणि जेवायला बसलो. पोटभर जेवलो.

पुढे, दोन हजार सालानंतर, शहराच्या हौशी रंगभूमीवर पुरवणी काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. यादी मी केली. माझी तिन्ही नाटकं त्यात होती. दत्ताचं नव्हतं. एका सहकाऱ्याने विचारलं, ‘ते कांदा मार्केटचं एक होतं ना हो?’ मी म्हणालो, ‘एकच प्रयोग झाला त्याचा. जागा कुठंय?’ पानावर जागा होती. उरलेल्या जागेत आम्ही एक जाहिरात टाकली.

टेम्पोतून आलेल्यांपैकी बरेच आता हयात नाहीत, असं दत्ताकडूनच कळतं. शहरातून आलेले ते नऊ-दहा जण कोण होते, मला आठवत नाही. म्हणजे ते नाटक पूर्ण पाहिलेला आणि त्याबद्दल लिहू शकेल असा माणूस आता बहुधा मीच. मी त्या प्रयोगाला किती लोक होते ते लिहिलं, कोण होते ते लिहिलं. नाटक कसं होतं ते लिहिलं नव्हतं.

ते फार चांगलं होतं. मी नाशिकमध्ये पाहिलेल्या नाटकांत सगळ्यात चांगलं.