हक्क न सोडलेली राजकन्या

लग्नाची काळजी आमच्या हिच्या मामांइतकी वाहणारा माणूस अख्ख्या ओंटारिओत सापडायचा नाही. फरक इतकाच, की ती लग्नं चार-पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत लागून गेलेली असतात. मामा निवृत्त इंजिनिअर, राहणार ओकव्हिल. लोकांच्या बेसमेंटमध्ये टीव्ही आणि ट्रेडमिल असते, मामांच्या बेसमेंटमध्ये भिंतभर जर्मन राजघराण्यांच्या वंशावळी. सॅक्सनीची मुलगी हेसेला दिली, हे ते अशा थाटात सांगतात, की मुलीकडून अक्षता वाटायला जणू स्वतः उभे होते. एकदा गणपतीच्या आरतीनंतर "बव्हेरियाच्या थोरल्या पातीला मूलच नाही हो," म्हणून त्यांनी असा सुस्कारा टाकला, की शेजारच्या बाईंनी हळहळून टोरांटोतल्या एका डॉक्टरचं नाव सुचवलं. मामांनी मनापासून आभार मानले. कुणाच्या चांगुलपणाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं, की मामा आधी नकाशा काढतात. "मुलगा टोरांटोच्या वरच्या वॉनचा? वा, म्हणजे उत्तरेची सरहद्द पक्की झाली!" मामी होत्या तोवर "अहो, तुमच्या ड्यूकना म्हणावं चहा निवतोय," एवढ्यावर त्यांना जमिनीवर आणत. मामी गेल्या आणि त्या घरात मामा, त्यांची एकुलती एक लेक आणि ते सगळे ड्यूक उरले.

एक गोष्ट मात्र सांगताना मामा हटकून चिडायचे. तिकडे राजकन्येला लग्नाच्या वेळी शपथ घ्यायला लावत, की बापाच्या मुलखावर आता माझा काही हक्क नाही. मगच तिची पाठवणी. "मुलीला माहेर सोडून द्यायला लावायचं आणि वर याला तह म्हणायचं! गाढव लेकाचे!" असं म्हणून ते त्या मेलेल्या राजांवर इतके तापत, की मी मुकाट्याने चिवड्याची बशी पुढे करी.

मग लेकीचंच लग्न ठरलं. मुलगा ओटावाचा, लेकीलाही नोकरी तिथेच मिळालेली. व्याही कॉफीला आले, तर मामांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आपली थोरली पाती की धाकटी?" लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, आय अ‍ॅम नॉट अ ट्रीटी!" सगळे हसले, मामाही हसले. पण व्याही गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "जावईबापू, विंटरमध्ये ओटावाहून ड्राइव्ह सेफ असतो का हो?" हाच प्रश्न त्यांनी त्या महिन्यात ओळखीच्या प्रत्येकाला विचारला. एवढ्या मोठ्या घरात एकटं राहायला मामा घाबरले होते, आणि ते कबूल करायला त्याहून घाबरत होते.

लग्नात कन्यादानाला गुरुजींनी लेकीचा हात त्यांच्या हातात दिला आणि मंत्र म्हणायला सांगितला. मामा म्हणाले, "वन मिनिट, गुरुजी. यात तिनं हक्क सोडला, असं काही येत नाही ना?"

"छे हो काका! तुम्ही फक्त पाठोपाठ म्हणा."

"म्हणतो. पण सगळ्यांनी ऐका. हात देतोय. घरावरचा तिचा हक्क सुटलेला नाही."

हॉलभर हशा उसळला. मामा मात्र हसले नाहीत. लेकीनं त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट रिनाउन्सिंग एनीथिंग, बाबा. म्हणा ना मंत्र." मामांनी मंत्र म्हटला.

परवा लाँग वीकेंडला आम्ही त्यांच्याकडे होतो, ओटावाहून लेकही यायची होती. बाहेर गाडी थांबली, बेल वाजली. मामा कोचावरून उठले नाहीत. मी दाराकडे निघालो, तर माझा हात धरून म्हणाले, "बसा हो. पाहुणी का आहे ती?" पुन्हा बेल वाजली. मग बाहेर पर्समध्ये काहीतरी शोधल्याचा आवाज आला. मामा श्वास रोखून दाराकडे बघत होते. कुलपात किल्ली फिरली, तेव्हा कुठे ते चहा टाकायला उठले.