टिटवीची अंडी माझ्या पदरात

मंडळी, आजची गोष्ट ऐका.

आज बाजारहत्नूरच्या शेतात कपाशीतलं तण काढाले बैलाची डवरणी चालू होती. दोन ओळींमधल्या तासात टिटवीची अंडी दिसली, म्हणून नवऱ्यानं बैल थांबवले. तेवढ्यात आमचा कुत्रा धावला, आन टिटवी मोडल्यासारखा पंख फरफटत दूर पळाली.

"पाहा, कशी आई हाये, अंडी टाकून पळाली! आपली खुडूक कोंबडी अंड्याजवळ हातबी नेऊ देत नाही," मी म्हटलं. त्या कोंबडीखालीच उबवू म्हणून अंडी पदरात घेतली.

बांधापाशी कुत्रा टिटवीवर झेपावला. मी डोळे मिटले. उघडले तर ती आभाळात! पंख धडधाकट.

"अवं, ती त्याले अंड्यापासून दूर नेऊन राह्यली होती," नवरा म्हणाला. "ठेव परत."

ठेवली. तेवढी जागा सोडून डवरलं. आमी निघालो तरी ती वरच ओरडून राह्यली होती, खाली उतरली नाही.

कुत्र्याले तिनं फसवलं. पण सांगा, मी काऊन फसली?