बाबांनी चुकवलेलं गणित

खडूच्या भुकटीचा वास आला की मला कळव्याच्या शाळेतला माझा नववीचा वर्ग आठवतो. सहामाहीला मी गणिताचा पेपर चक्क कोरा दिलेला. गणितं येत नव्हती असं नाही, पण मोहने गावातल्या कारखान्यातून घरी आले की बाबा रोज माझ्या मागे उभे राहून "चुकलीस ना परत?" म्हणायचे, आणि परीक्षेतही तोच आवाज ऐकू येऊन मला एक आकडाही लिहिता येईना. गणिताच्या बाईंनी कारण विचारल्यावर मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. शाळा सुटली होती, खिडकीतून खाडीचा खारट वारा येत होता. बाबा माझ्यावर ओरडणार तेवढ्यात बाईंनी त्यांना बाकावर बसवून एक सोपं गणित दिलं आणि स्वतः त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "चला, आटपा. एवढंही येत नाही?" बाबांच्या कपाळावर घाम आला आणि भराभर तोंडी हिशेब करणारा तो माणूस साधी वजाबाकी चुकला. पेन खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "मी रोज असंच करतो का गं?" मी मान हलवली आणि रडायलाच लागले. घरी जाताना त्यांनी मला उसाचा रस पाजला, गणिताचं नावही काढलं नाही. वार्षिक परीक्षेत मला जेमतेम पंचावन्न मार्क मिळाले, तरी त्यांनी चाळीत पेढे वाटले. आता ते माझ्या मुलीला गणित शिकवतात. ती चुकली की म्हणतात, "थांब, मलाही बघू दे," आणि दोघं मिळून चूक शोधत बसतात.