मागच्या दाराची कडी

जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे भिसेगाव, तालुका कर्जत येथील एका भाड्याच्या घराच्या मागच्या दाराची कडी घर सोडण्यापूर्वी दुरुस्त करण्यात येत असून, सदर दारावर कोणाही हयात अथवा मयत इसमाचा जाण्यायेण्याचा हक्क असल्यास त्याने आपली हरकत वेळेत नोंदवावी. मागाहून आलेली तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

हसू नका. हरकत आली होती.

घर मावशींचं. मावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या मुलाकडे खोपोलीला राहायच्या आणि भिसेगावचं घर त्यांनी आम्हा नवराबायकोला भाड्यानं दिलं होतं. घर दाखवताना नळ, मोरी, माळा सगळं त्यांनी भराभर उरकलं आणि मागच्या दाराशी येऊन थांबल्या.

"बाय, येक करशील? रोज दिवे लागायच्या वेळंला हितं भाईर पान्याचा तांब्या भरून ठेव. आन दार आपसूक उघडलं तर लगीच लावू नको. जरा दम धर."

मी मान डोलावली. प्रत्येक घरमालकाचं काहीतरी खूळ असतंच. आधीच्या मालकाला आम्ही भिंतीला टेकून बसलेलंही खपत नसे.

पहिल्याच संध्याकाळी दार उघडलं. मी पोळ्या लाटत होते, नवरा खाली बसून पंख्याची वायर जोडत होता. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिनं लावलेली मालगाडी कर्जतहून निघाली, जमीन थरथरली, फळीवरचे डबे वाजले, कडी खळ्ळकन निसटली आणि दार सावकाश आत आलं. हातात सामान असलेल्या माणसानं खांद्यानं ढकलावं, अगदी तसं. नवरा पलंगावर चढला. मी लाटणं उगारून उभी. बाहेर परसातली केळ, तांब्या आणि रुळांकडे जाणारी पायवाट. माणूस कोणी नाही.

कारण साधं होतं. बिजागरीचे स्क्रू सैल झालेले, त्यामुळे दार खाली उतरलेलं, त्यामुळे कडी कोयंड्यावर जेमतेम टेकलेली. जमीन हादरली की ती सुटायची. हे सगळं नवऱ्यानं मला पलंगावरूनच समजावून सांगितलं.

दुसरं कारण मावशींनी पुढच्या खेपेला सांगितलं. त्यांचे यजमान रेल्वेत होते. पळसदरीपासून ठाकुरवाडीकडे रुळांवरून चालत जायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत जायच्या, हे त्यांचं काम. घरी यायचे तेही रुळांच्या बाजूनं, परसातून, मागच्या दारानं.

"चिखलाच्या पायानं आत आले का मी अशी वरडायची! म्हून तो तांब्या. पोरगा तर त्यांची वाट बघत दारातच बसायचा, आदीच सांगायला, का बाबा, पाय धुवा." मावशी हसल्या. मग एका पावसाळ्यात यजमान घाटात कामावर असतानाच छातीत कळ येऊन गेले. "गेले मागल्या दारानं, आनले पुढल्या दारानं. मागल्या दारानं यायचं ऱ्हायलंय बाय त्यांचं."

त्या दिवसापासून माझी चंगळ झाली. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम त्या दाराकडे पाठ करून बसवायचे. गाडी यायची, दार उघडायचं, मी पदर सावरून अदबीनं म्हणायचे, "या!" आणि पाहुण्यांचे चेहरे बघत राहायचे. नणंदेनं एकदा अख्खा चहा स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला. ती पुन्हा मुक्कामाला आली नाही, हेही त्या दाराचे उपकार.

पाहुणे नसले तरी मी "या" म्हणायचे, हे मात्र कोणाला सांगत नसे. एका उन्हाळ्यात, परसातली माती तडकलेली असताना, मी दार लावायला गेले तर उंबऱ्याच्या आतली फरशी ओली. तांब्या जागेवर, चार बोटं रिकामा.

"मांजर," नवरा म्हणाला.

मी अजून कोणतंही मांजर पाय धुताना पाहिलेलं नाही.

यंदा आम्ही खालापूरला स्वतःचं घर घेतलं. निघण्याआधीची डागडुजी माझ्याकडे आली, कारण आमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर माझा असतो आणि सल्ला नवऱ्याचा. खिळ्यांची भोकं मी टूथपेस्टनं बुजवली, त्यामुळे पुढच्या खोलीला दात घासल्यासारखा वास सुटला. नळाचे वायसर बदलले, मोरीच्या फुटलेल्या कडेला सिमेंट लावलं. अशात मावशींचा मुलगा घर बघायला आला. कारखान्यात नोकरी, चाळिशीचा, फार सज्जन माणूस. मी बुजवलेल्या भोकांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"ताई, बाकी ऱ्हाऊ द्या. ते मागचं दार तेवढं पक्कं करा."

"का हो?"

"तुमी चाललात हे कळल्यापासनं आईनं धोशा लावलाय, मी भिसेगावला जाऊन राहनार. एकटी! गुडघे गेलेत, परवा न्हाणीत पडली. आमी सांगतो तर म्हणते, एकटी कुठं, ते येतात की रोज." त्यानं कडी बोटानं हलवून बघितली. "रविवारी आणतो तिला. तिच्यासमोर गाडी जाऊ दे. दार नाय उघडलं का तिला कळंल, कडीच ढिली होती."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"कडीच. दुसरं काय?" असं म्हणून तो गेला. पुढच्या दारानं. इतक्या वर्षांत मी त्याला मागच्या दारानं जातायेताना कधी पाहिलं नव्हतं.

दार मी दुसऱ्या दिवशी दुपारी केलं. आगपेटीच्या काड्या गोंदात बुडवून स्क्रूच्या भोकांत ठोकल्या आणि वर लांब स्क्रू पिळले. दार चौकटीत उभं राहिलं, कडी कोयंड्यावर नीट बसली. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तांब्या मात्र त्यानंच भरून बाहेर ठेवला, आणि मी बघितलं तेव्हा म्हणाला, "सवय."

गाडी आली. जमीन थरथरली. दार हललं नाही. गाडी गेली, पळसदरीच्या बाजूला तिचा आवाज विरला. मी पोळी तव्यावर टाकणार, तेवढ्यात कडी एकदा वाजली. मग पुन्हा एकदा, हळू.

"उघड की," नवरा कुजबुजला.

"तुम्ही उघडा."

दोघांपैकी कोणी उठलं नाही. तव्यावरची पोळी करपली. सकाळी तांब्या काठोकाठ भरलेला होता, आणि तो ओतून टाकताना मला जी शरम वाटली ती दारात आलेल्या माणसाला घालवून दिल्यावर वाटते तशी होती.

रविवारी मुलगा मावशींना घेऊन आला. सामान टेंपोनं पुढे गेलं होतं, घरात एक सतरंजी आणि मावशींसाठी मागे ठेवलेली खुर्ची. त्यांनी खुर्ची स्वतःच दारासमोर ओढली. मग उठून नव्या स्क्रूंवरून बोट फिरवलं.

"कुनी केलं ह्ये?"

"मी, मावशी."

"हात बरा हाय तुजा. मी लगीन होऊन आले तवा दार असंच बसायचं." मग उंबऱ्याबाहेर बघून म्हणाल्या, "तांब्या?"

तांब्या टेंपोत खालापूरला गेला होता. मी न्हाणीतला प्लास्टिकचा मग भरून बाहेर ठेवला.

"आई, मगात?" मुलगा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे रं. त्यांना काय, पानी असलं म्हंजी झालं."

दार लोटून कडी मीच घातली. सगळे गाडीची वाट बघत बसलो. फळीवर डबे नव्हते, त्यामुळे गाडी आली तेव्हा नुसती भिंतीच्या आतून एक घरघर आली आणि गेली. दार जागचं हललं नाही. आवाज संपूर्ण थांबल्यावर मुलगा फार हळू बोलला.

"बघितलंस ना आई? कडी ढिली होती. बाकी काय नव्हतं."

"बघितलं."

"चल मग."

"जायाचं रं." मावशी उठल्या नाहीत. "पन मंग त्यांनी आता यायचं कुठनं?"

मुलानं खाली बसून त्यांच्या पायाशी चपला सरकवल्या आणि त्यांचं कोपर धरलं.

ही गोष्ट सांगताना मी इथं नेहमी थांबते, आणि मला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, मावशी आता कुठं आहेत? भिसेगावला, त्याच घरात. एकट्या नाहीत, मुलगा-सून बिऱ्हाड घेऊन तिकडे आले. दिवे लागायच्या वेळी तांब्या मुलगा भरतो. दुसरा प्रश्न नवऱ्याचा आहे. त्या रविवारी मी कडी कोयंड्यावर पूर्ण बसवली होती, की नुसती टेकवली होती? तो अजून विचारतो, आणि मी अजून त्याला चहा हवा का असं विचारते.

तर मुलानं आईचं कोपर धरलं होतं. गाडी केव्हाच घाटाला लागली होती, जमीन शांत होती, केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. कडी खळ्ळकन सुटली. दार सावकाश आत आलं, खांद्यानं ढकलल्यासारखं, आणि तो चाळिशीचा माणूस आईला सोडून ताडकन दाराकडे वळला आणि ओरडला, "बाबा, पाय धुवून या, आई वरडंल!"