मेहरुन्निसा टीचर आणि उरलेलं इन्सुलिन

कामतघरच्या आमच्या मागवाल्यांच्या वस्तीत साखरेच्या आजाराने कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी मेहरुन्निसा टीचर त्या दारात उभ्या राहत. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. दोन शब्द सांत्वनाचे बोलत आणि लगेच विचारत, "बाटली उरली हाय का?" एका विधवेला तर म्हणाल्या होत्या, "तू रडून घे. मी थांबते."

बाटली इन्सुलिनची, आणि ती हवी असे त्यांच्या बोक्याला.

टीचर उर्दू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहायच्या. बोक्याचं नाव धोटा, कारण मागावर सूत नेणाऱ्या धोट्यासारखा तो सारखा इकडून तिकडे पळायचा. शहाऐंशी साली तो एकाएकी वाळला, वाटीमागून वाटी पाणी प्यायला लागला. ठाण्याच्या जनावरांच्या डॉक्टरने मधुमेह सांगितला. "रोज दोनदा सुई द्यावी लागेल. जमत नसेल तर कायमचं झोपवू." टीचरनी बोक्याला पिशवीत घालून परत आणलं. दर महिन्याला नवी बाटली घेणं त्यांच्या पेन्शनला झेपणारं नव्हतं.

"त्याला थेंबभर लागतं," त्या म्हणायच्या. "मेलेल्याला तेवढंही लागत न्हाय."

लोक त्यांना तोंडावर गिधाड म्हणत. त्या शांतपणे सांगत, "गिधाड गाव साफ ठेवतं. पुस्तकात हाय."

रोज सकाळी त्या धोट्याची लघवी निळ्या औषधात घालून स्टोव्हवर उकळत. रंग निळा राहिला, म्हणजे साखर नाही, तर त्यांचा चेहरा उजळायचा. विटकरी झाला तर सुईत एक रेघ जास्त. सहा महिन्यांत बोका पुन्हा पत्र्यावर उड्या मारू लागला.

मग साखरेनेच आमच्या अण्णांचा, माझ्या वडिलांचा, पाय सडला. अण्णा माग दुरुस्त करायचे. मे महिन्यात इस्पितळाने त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्याच दिवशी टीचर दारात आल्या. "डॉक्टर किती दिवस देतो?"

"टीचर, आमचा माणूस जिता हाय अजून," आई म्हणाली.

"म्हणून तर आत्ता विचारते. नंतर तुम्ही लोक फेकून देता."

खाटेवर अण्णांनी ते सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. चार दिवसांनी ते गेले. त्या चार दिवसांत ते कुणाशीही बोलले नाहीत.

घरात दोन बाटल्या उरल्या होत्या. एक माठाखालच्या ओल्या वाळूत. दुसरी महिनाभर तापलेल्या पत्र्याखाली फळीवर पडलेली. ती वाया गेली, असं नर्स आधीच म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी टीचर येताना दिसल्या तशी मी चांगली बाटली मोरीत ओतली आणि फळीवरची त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "तुझ्या बापाला अल्ला चांगली जागा देवो, शालन." मला फार बरं वाटलं.

बाटली दिल्यापासून पाचव्या दिवशी धोटा पुन्हा पाण्यापाशी बसू लागला. मग ओकाऱ्या. मग मागचे पाय ओढत चालणं. भिंतीपलीकडून सकाळी स्टोव्हचा आवाज यायचा आणि आज रंग कुठला असेल ते मला ठाऊक असायचं. बाटलीवर भरवसा ठेवून टीचर रोज एकेक रेघ वाढवत होत्या. त्याचं ओरडणं आमच्या जेवणात ऐकू येई. भिंतीवर एक थाप मारून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. आठव्या दिवशी आवाज थांबला.

दुपारी त्या आल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक दिसत नसे, म्हणून शाळेतलं भिंग घेऊन आल्या होत्या. बाटली उजेडात धरून मला भिंगातून बघायला लावलं. काचेला पांढरे कण चिकटले होते.

"ही उन्हात होती. तुला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी भिंग फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तोंडावर दार आपटायचंस. चार जण रोज आपटतात. मी पाचव्या दारी गेले असते."

चाळीत त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. तीन वर्षांनी त्या बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या. दारोदार जाऊन निरोप घेतला, आमच्याकडेही आल्या. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, दिली मात्र नाही. आणि ट्रंक नीट चढली का ते पाहायला रिक्षाकडे वळल्या.